पुंजारामचा हात

मल्हारी गेला त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता, आणि रविवारी त्या घरात खेळणी उघडली जायची.

शहागंजातला कादरभाई खेळणीवाला मोडून परत आलेला माल एका पोत्यात बाजूला टाकत असे. मल्हारीची सायकल दुकानाला टेकली की तो आतूनच म्हणायचा, "मल्हारीभाई, आपके मरीज आ गए." त्या सकाळी असं एक पोतं बाहेरच्या खोलीत उपडं झालं आणि फरशीवर ढीग पडला. एक चाक गेलेली मोटार, बटणं आत रुतलेला टेलिफोन, मान मोडलेलं बदक. त्यातून मल्हारीनं एक पिवळं स्टिअरिंग उचललं. पोरांनी मांडीवर घ्यायचं, फिरवायचं आणि मधला भोंगा दाबायचा, तसलं. भोंगा गेला होता, पण चाक छान फिरत होतं.

"कौतिके," तो म्हणाला, "हे आपल्या गाडीला बसलं ना, तर पोरं जेवायला घरी जायची नाहीत."

गाडी म्हणजे संगणकाच्या पडद्यावरची गाडी. कौतिका ही मल्हारीची एकुलती एक मुलगी. पॉलिटेक्निकातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेतल्यावर तिनं चिकलठाण्यातल्या घराच्या बाहेरच्या खोलीत दोन जुने संगणक मांडले आणि मुलांचा क्लास काढला. भोवती कारखाने वाढत होते, कामगारांच्या वसाहती वाढत होत्या, आणि आपल्या पोरानं कॉम्प्युटर शिकावा असं ज्याला त्याला वाटू लागलं होतं. पोरांना मात्र कीबोर्डचा कंटाळा. एबीसीडी ओळीनं पाठ केलेली, आणि इथं ती सगळी विस्कटलेली. इवल्या बोटांनी एकेक अक्षर हुडकता हुडकता ती खिडकीबाहेर बघत बसायची.

उपाय मल्हारीला सुचला. तारेच्या रिमोटवर चालणारी एक मोटार त्याच्या हातात होती. रिमोटला चार बटणं होती: पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं. संगणकावरही तसेच चार बाण. "मग यानं त्याला का हाकू नये?" त्यानं विचारलं. त्याचं लहानपण कन्नडकडच्या माळावर मेंढरांमागं गेलेलं. जे जे चालतं ते हाकता येतं, अशी त्याची समजूत होती. कौतिकानं भंगारातला एक कीबोर्ड उघडला. आतल्या हिरव्या बोर्डावर कोणत्या दोन रेषा एकमेकींना टेकल्या की कोणतं अक्षर उमटतं, हे तिनं शोधून काढलं. त्या रेषांना केसासारख्या तारा जोडून त्या रिमोटच्या बटणांपर्यंत न्यायच्या होत्या. ते काम नाजूक होतं, आणि त्यासाठी मल्हारीनं पुंजारामला बोलावलं.

पुंजाराम हिवराळे त्याच्याच कंपनीत होता. विजेचे मोठाले स्विच बनवणारी कंपनी. मल्हारी पितळेच्या पट्ट्या वाकवायचा, पुंजाराम त्यांना सोल्डरनं तारा जोडायचा. त्यानं दिलेला डाग ज्वारीच्या दाण्यासारखा दिसे, गोल आणि चमकदार. तिघांनी मिळून त्या पावसाळ्यात रिमोट केला, मग आकडे शिकणाऱ्या पोरांसाठी टेलिफोन केला, आणि दिवाळीच्या सुट्टीत माकड. माकडाच्या डाव्या हातानं ताशा वाजवला की पडद्यावर 'बरोबर' उमटायचं, उजव्यानं वाजवला की 'चूक'. बेरीज चुकली तरी पोरं हसायची, कारण चूकही माकडाच्या गळ्यात जायची. क्लासला जागा पुरेना. वसाहतीत त्यांना 'मल्हारीबाबाची खेळणी' असं नाव पडलं.

पुंजाराम यायचा त्या दिवशी कौतिकाची माय, बानाबाई, आतून एक घोंगडी आणून खोलीच्या एका अंगाला अंथरायची. काळी, जाड, गावाकडच्या लोकरीची. पुंजाराम तिच्यावर बसायचा आणि मल्हारी समोर उघड्या फरशीवर. बघणाऱ्याला वाटे, पाहुण्याचा केवढा मान. मल्हारी कारण सांगायचा ते दुसरंच. सोल्डरिंगचं हत्यार जुनं आहे, त्याला अधूनमधून करंट येतो, लोकरीवर बसलेल्याला तो लागत नाही.

खरं कारण त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. लोकरीला विटाळ होत नाही. सतरंजीला होतो, खुर्चीला होतो, शेणानं सारवलेल्या भुईलाही होतो. लोकरीवर मात्र कुणीही बसून उठावं, ती उन्हात झटकली की झाली. बानाबाईच्या माहेरी असंच करत. दलित वस्तीतलं कुणी कामानं ओट्यावर आलं तर त्याला घोंगडीचा तुकडा टाकत, आणि त्यात आपण माणुसकी दाखवली असं समजत. बानाबाईच्या मनात पुंजारामबद्दल वाकडं काही नव्हतं. त्याच्या बायकोच्या आजारपणात ती त्याच्या मुलांसाठी लोणचं पाठवायची. तरी घोंगडी अंथरायची ती अंथरायचीच.

पुंजारामलाही ते कळत होतं, आणि तो गप्प बसणारा माणूस नव्हता. नामांतराच्या सत्याग्रहात तो दोनदा हर्सूलच्या जेलात जाऊन आला होता. घोंगडीवर टेकता टेकता तो डोळे बारीक करून विचारायचा, "मल्हारी, मला करंट लागू नाय म्हणून ही घोंगडी. मग तुला लागत नाय व्हय रे?"

"मी धनगर हाय," मल्हारी म्हणायचा. "माझ्या अंगातच लोकर हाय."

दोघंही हसायचे. पुंजारामचं हसू आधी थांबायचं.

मल्हारीला वाईट म्हणावं तर तेही कौतिकाला जमत नसे. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या ठरावावरून गावोगाव घरं पेटली, त्यात पुंजारामचंही घर गेलं होतं. बायकोमुलांसह तो शहरात आला तेव्हा मल्हारीनंच ठेकेदारापुढं उभं राहून, हा माझा माणूस आहे, याची जबाबदारी माझी, असं सांगितलं होतं. कंपनीत दोघं एकाच डब्यातली भाकरी मोडत. तंबाखूची एक चंची दोघांत. फाटकातून बाहेर पडून घराच्या उंबऱ्यापर्यंत येता येता मल्हारीत काय बदलायचं, कुणास ठाऊक. पुंजारामनं एकदा कौतिकाला ते आपल्या परीनं सांगितलं होतं. तुझा बाप कंपनीत माझा असतो, घरी तुमचा असतो, इतकंच तो म्हणाला होता.

कौतिका पुष्कळ वाचायची. लायब्ररीतली इतिहासाची, समाजाची, आत्मचरित्रांची कपाटं तिनं पालथी घातली होती. पॉलिटेक्निकच्या कँटीनमध्ये विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायलाच हवं म्हणून तिनं मुलांशी कडकडून वाद घातले होते, आणि काही मैत्रिणी त्यापायी तुटल्याही होत्या. घरी आलं की हे सगळं घोंगडीच्या काठाशी येऊन थांबायचं. एका रविवारी ती मुद्दाम, काहीच घडलं नाही असा चेहरा करून, पुंजारामशेजारी घोंगडीवर जाऊन बसली. आतून मायनं हाक मारली, चहात साखर पडली का बघ. ती उठली. आत गेली. चहात साखर पडलेली होती. मग ती पुन्हा बाहेर येऊन बसली, पण खुर्चीवर. त्या दिवशी पुंजारामनं मान वर करून तिच्याकडं पाहिलंही नाही, आणि ते न पाहणं तिला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं.

दुसऱ्या एका वेळी पॉलिटेक्निकच्या मॅडम खेळणी बघायला आल्या. कारागिराला घोंगडीवर बसवायची तुमची रीत किती सुंदर, असं त्या म्हणाल्या. कौतिका म्हणाली, हो, पाहुण्यांसाठी असते. पुंजाराम तिथंच तार सोलत बसला होता.

थंडी पडली आणि बोर्ड मरू लागले.

पहिला गेला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. पुंजारामनं तारा जोडल्या, डाग नेहमीसारखे सुरेख होते, पण बोर्ड संगणकाला लावला तर संगणक एक लांब शिट्टी देऊन अडून बसला. कीबोर्डच नाही, असं म्हणू लागला. बोर्डावरची चिप मेली होती. थोड्या दिवसांनी दुसराही तसाच गेला. मल्हारी चेष्टेनं म्हणाला, पुंजाराम, हाताला वय झालं रे तुझ्या. पुंजाराम हसला नाही. पावसाळ्यात त्याच्या हातून एकही बोर्ड गेला नव्हता. मग आताच काय झालं, हे तो स्वतःशीच विचारू लागला आणि बोटं डोळ्यांपुढं धरून बघू लागला.

काय झालं ते कौतिकाला माहीत होतं. डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. कोरड्या हवेत लोकरीवर माणूस हलला, सरकला की अंगात वीज साठते. माणसाला तिचं काही वाटत नाही, फार तर बोटाशी चिट्ट होतं. चिपला मात्र ती पुरते. म्हणून चिपचं काम करणारे लोकर अंगावरसुद्धा घालत नाहीत, मनगटाला पट्टा बांधून तो जमिनीला जोडतात. मल्हारी गार फरशीवर अनवाणी बसायचा, त्याच्या अंगात वीज राहीलच कशी. पुंजारामला मात्र आपण दर रविवारी विजेच्या ढिगावर बसवतो आणि वर त्याच्या हाती चिप देतो.

सांगायचं तर एकच वाक्य होतं: घोंगडी काढा. पण ती काढल्यावर माय विचारणार, मग त्यांना कशावर बसवायचं. आणि तो प्रश्न पुंजारामच्या देखत विचारला गेला असता. त्याचं उत्तर घरात कुणीच कधी मोठ्यानं दिलेलं नव्हतं. कौतिकानं स्वतःला समजावलं, पावसाळा आला की हवा ओली होईल, बोर्ड मरायचे थांबतील, कुणाला काही बोलावं लागणार नाही.

तर त्या रविवारी स्टिअरिंगचं काम निघालं. मल्हारीनं चाकाच्या दांड्याला पितळेची एक जीभ बसवली. चाक डावीकडं फिरलं की ती डाव्या पट्टीला टेकायची, उजवीकडं फिरलं की उजव्या. चाक सोडलं की स्प्रिंग तिला मधोमध आणायची. बानाबाईनं घोंगडी टाकली. पुंजाराम आला, बसला, आणि नेहमीचा करंटचा प्रश्न त्यानं त्या दिवशी विचारला नाही. बाहेर मुंबईत काय ठरतंय याच्या वार्ता होत्या. विद्यापीठाचं नाव बदलणार, की जोडणार, की पुन्हा पुढं ढकलणार. मल्हारीनं विषय काढला तेव्हा पुंजाराम एवढंच म्हणाला, की पेपरात आल्याबिगर आपण आता कशावर इश्वास ठेवत नाय. मग त्यानं कंपनीतली गोष्ट सांगितली. फेब्रुवारीपासून नवी लाइन सुरू होणार होती, चिपवर चालणाऱ्या स्विचांची, आणि सोल्डरिंगला पहिलं नाव त्याचं गेलं होतं. सांगताना त्याचा आवाज मऊ झाला होता.

"मग आज हाताला ताकीद देऊन ठेव," मल्हारी म्हणाला. "चिप मारायची नाय."

पुंजाराम पुढं सरकला. बोर्ड उचलायला त्यानं बोट नेलं आणि कौतिकाला ते दिसलं: बोट आणि बोर्ड यांच्यामध्ये निळसर, सुईच्या टोकाएवढी ठिणगी. आवाजही आला. पुंजारामनं बोट झटकलं आणि काम सुरू केलं. सगळे डाग देऊन होईपर्यंत ती शेजारी उभी होती. बोर्ड मेलाय हे तिला ठाऊक होतं, आणि तो मेलेल्या बोर्डावर एकेक दाणा ठेवत होता, श्वास रोखून, जीभ दातांत धरून.

संगणकानं शिट्टी दिली.

मल्हारी वैतागला. त्याचा सबंध दिवस त्या पितळी जिभेत गेला होता. "गड्या, तुझा हात गेला आता," तो म्हणाला. "नव्या लायनीवर जाऊन कंपनी बुडवशील."

बोलून गेल्यावर त्याला वाईट वाटलं असणार. त्यानं लगेच चहा सांगितला. पण पुंजारामनं हत्यार पुसलं, पिशवीत घातलं, आणि वहिनी आज चहा नको म्हणून निघाला. बानाबाईनं घोंगडी उचलून तारेवर टाकली. मल्हारी दारात उभा राहून तो वळणाआड जाईपर्यंत बघत होता. मग आत येऊन म्हणाला, उद्या कंपनीत मनवतो त्याला.

सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमधून उतरताना मल्हारीनं छाती धरली. पुंजाराम मागच्याच दारातून उतरत होता. रिक्षात त्यानंच त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मातीला पुंजाराम शेवटपर्यंत होता. पुढं शुक्रवारी संक्रांतीला नामविस्ताराची बातमी आली. रस्त्यारस्त्यावर बंदोबस्त लागला, दुकानं अर्धी उघडी, अर्धी बंद. वस्त्यांमधून ढोल वाजत होते. गावाकडून आलेले पाहुणे दबक्या आवाजात बोलत. मल्हारीचा धाकटा भाऊ त्रिंबक म्हणाला, बरं झालं दादाला हे बघावं लागलं नाही. कौतिकाला वाटलं, आबानं काय केलं असतं? कंपनीत पेढा खाल्ला असता. आणि घरी येऊन काहीच बोलला नसता. आपल्या बापाबद्दल असा विचार सुतकात मनात यावा, याची तिला शरम वाटली, आणि तो खरा आहे याची त्याहून जास्त.

दहाव्याला पुंजाराम नदीवर येऊन गेला. त्याला आनंदात पाहावं असं तिला फार वाटत होतं. सोळा वर्षं ज्यासाठी लढला ते झालं होतं. त्यानं खिशातून साखरेची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. दुखवट्यात देऊ नाय, पण तुझ्या बापालाबी दिली असती, म्हणाला. मग थोडं थांबून त्यानं सांगितलं, की नव्या लाइनीला त्यानं नको म्हटलंय. साहेबांनी सोमवारपर्यंत विचार करायला सांगितला आहे, पण विचार कसला. पॅकिंगला बदली मागितलीय.

"कामून काका?"

"तुझा बाप खोटं बोलला नाय कधी. हात गेला माझा. तीन चिपा मारल्या मी." त्यानं दोन्ही तळवे तिच्यापुढं धरले. "आमचं शेवटचं बोलणं हेच झालं ना. बसमध्ये त्यानं आवाज दिला व्हता, पुंजा, जरा इकडं बस. मी रागात व्हतो. मागंच उभा राहिलो."

तिथंच सांगायला हवं होतं. नदीचं पात्र मोकळं होतं, आसपास कुणी नव्हतं. कौतिकानं तोंड उघडलं आणि त्रिंबककाकाची हाक आली, भात ठेवायची वेळ झाली म्हणून. ती वळली. पुन्हा वळली, असं तिला जाणवलं, आणि भाताच्या गोळ्याभोवती कावळ्यांची वाट बघत उभी असताना तिच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते बापासाठी आहे असंच बायकांना वाटलं.

तेराव्याला घर भरलं. कन्नडहून जीप भरून माणसं आली होती. बाहेरच्या खोलीतले संगणक भिंतीला सरकवून त्यांच्यावर चादर टाकली होती, पण खेळणी फळीवर होती, आणि जेवणं उरकल्यावर त्रिंबकानं ती खाली काढली. माकड, टेलिफोन, रिमोट असं एकेक गावच्या मंडळींच्या हातात देत त्यानं भावाची करामत सांगितली. कौतिकाला एक संगणक चालू करायला लावला. गावचे कारभारी म्हणून सगळे ज्यांना म्हणत ते म्हातारेबुवा माकडाच्या ताशावर टिचकी मारून पडद्याकडं बघू लागले आणि दुखवट्याच्या घरात थोडं हसू झालं.

"मल्हारीनं केलं हे?" ते म्हणाले. "मेंढरामागचं पोरगं."

"तिघांनी केलं," कौतिका म्हणाली. "डाग सगळे पुंजाकाकांचे आहेत."

पुंजाराम दाराशी चपला ओलांडून आत येत होता. सगळ्यांनी वळून पाहिलं. बानाबाई भिंतीशी बसली होती, ती उठली. दुःखानं अर्धी झाली होती, पण हाताला सवय होती. तिनं घोंगडी आणून अंथरली. खोलीभर सतरंज्या टाकलेल्या, त्यांवर पन्नासेक माणसं, आणि दाराजवळ ही काळी चौकोनी जागा एका माणसाची. पुंजारामनं तिच्याकडं क्षणभर पाहिलं आणि तो बसला. मल्हारीच्या घरात तेराव्याच्या दिवशी भांडण नको, असंच त्याच्या मनात असावं.

"हां, यांचीबी मदत व्हती," त्रिंबक म्हणाला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढं बोलू लागला. आता नाव झालंय, लोक काहीबाही बोलतात, आमच्या लोकांनी विरोध केला म्हणतात. पण माझ्या दादाचं उदाहरण घ्या. जातपात त्यानं पाहिली नाही. यांना घरात घ्यायचा, स्वतः फरशीवर बसायचा आणि यांना स्वतःच्या घोंगडीवर बसवायचा. असा माणूस होता. माना हलल्या. कुणीतरी खरंय म्हणालं. पुंजाराम खाली बघत घोंगडीचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता.

कारभारींनी त्याला विचारलं, अजून करता का असली कामं?

"नाय बाप्पा," पुंजाराम म्हणाला. "सोडलं. हात गेला. हत्यारबी देऊन टाकलं पोराला. सोमवारपासून पॅकिंगला जातोय."

"वय झालं की हात जातोच," त्रिंबक म्हणाला.

पुंजाराम उठला, निघतो म्हणाला. तेव्हा बानाबाई पुढं आली. तिनं घोंगडी उचलली, झटकली नाही, नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरली.

"भाऊ, ही तुम्ही न्या," ती म्हणाली. "यांची आठवण. तुमच्याबिगर दुसरं कुणी बसलंबी नाय हिच्यावर."

ती हे मनापासून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. खोलीत कुणालाच त्यात काही खटकलं नाही. एकदोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. पुंजारामचे हात अंगाशीच राहिले. मग, विधवेचे हात हवेत किती वेळ ठेवायचे म्हणून, त्यानं ते हळूहळू पुढं केले. तेच हात. कौतिकानं ते पाहिले आणि तिला कळलं, की ही घोंगडी त्याच्या काखेत एकदा या घराबाहेर गेली की तो उरलेलं आयुष्य तिला मित्राची आठवण म्हणून जपत आणि स्वतःला निकामी हाताचा माणूस समजत काढणार, आणि चिपा मारल्या त्या या घोंगडीनंच हे फक्त तिला माहीत असणार. बापाचा फोटो भिंतीवर होता. हार ताजा होता. आज बोललं तर ते त्याच्या तोंडावर बोलल्यासारखं होणार होतं, आणि त्याला उत्तर देता येणार नव्हतं. तिला तो इतका हवासा वाटला की क्षणभर काही दिसेना.

ती दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि तिनं मायच्या हातावर हात ठेवला.

"माय, थांब. पुंजाकाका, घेऊ नका ती."

"कौतिके, ही काय वेळ हाय व्हय?" त्रिंबक म्हणाला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. आवाज खोलीच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेला.

"काका, तुमचा हात गेलेला नाही. एकही चिप तुमच्या हातानं मेली नाही. थंडीत लोकरीवर बसलं की अंगात वीज साठते, ती बोटातून चिपमध्ये जाते. घोंगडीनं मारल्या त्या. मला पहिल्या बोर्डापासून माहीत होतं. त्या रविवारी ठिणगी पडताना मी बघत होते, आणि आबा तुम्हाला बोलले तेव्हासुद्धा गप्प राहिले. घोंगडी काढा म्हटलं असतं, तर ती का अंथरतो ते बोलावं लागलं असतं. ती मानाची नव्हती काका, आणि करंटसाठीही नव्हती. तुम्ही बसलात तर आमच्या फरशीला विटाळ होईल, म्हणून अंथरत होतो. माय अंथरायची, आबा बघायचे, आणि सगळं वाचून, सगळं कळून, मीपण तुम्हाला तिच्यावर बसू देत होते."